तेल मुरेपर्यंत

"वीज गेली म्हणून व्यायाम राहिला," असं कारण मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकवलं ते माशेलच्या नानांनी, मृगाच्या पावसात. व्यायाम होता भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. भिंत विजेवर चालत नाही, असं मी नम्रपणे सुचवलं.

"काळोखात भिंत सापडायला नको गो बाय?" नाना म्हणाले.

फोंड्यात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. त्यासाठी मी साडेचार वर्षं शिकले, प्रेतांवरचे स्नायू पाठ केले. त्या शिक्षणाचं चीज नानांनी दुसऱ्याच दिवशी केलं. माझ्यासमोर फोन घेऊन ते म्हणाले, "हां, मालिशवालीकडे आहे. अर्ध्या तासात सुटतो."

नानांचा उजवा खांदा आखडला होता. केस विंचरता येईनात, मागच्या खिशातलं पाकीट निघेना. (पाकीट न निघण्याचा त्रास नानांना नव्हता, बरोबर येणाऱ्यांना होता.) त्यात जुना मधुमेह, आणि मधुमेह्यांना हा फ्रोजन शोल्डर जास्त गाठतो. मी समजावलं, "सांध्याभोवती एक पिशवी असते नाना. ती सुजते, जाड होते, आवळत जाते. धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यासारखी. रोज ताणली तर सैल होईल. नुसतं बसून राहिलात तर वर्ष काय, तीन वर्षंही जातील."

नानांनी त्यातलं नेमकं हवं तेवढंच उचललं. "म्हणजे बसूनही जातं तर!"

त्यांचा खरा जीव करंटच्या मशीनवर. वेळेआधी दहा मिनिटं हजर, खांदा उघडा टाकून डोळे मिटून पडायचे. "कालच्यापेक्षा एक नंबर वाढव." त्या मुंग्यांनी दुखणं घटकाभर दबतं, खांदा मात्र उघडत नाही, हे मी रोज सांगायची. मशीन काढून काठी हातात दिली की नानांचा चेहरा पडायचा. "पैसे तू घ्यायचे आणि काम मी करायचं? हे म्हणजे हॉटेलात जायचं आणि इसवण आपणच तळायची!"

कोनमापक लावून मी हात किती वर जातो ते मोजलं. ऐंशी अंश. नाना खूश. "ऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन!"

"एकशे ऐंशीपैकी, नाना."

त्यानंतर ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले.

घरी करायच्या व्यायामाचा तक्ता मी छापून दिला होता. दिवसातून तीनदा, केलं की खूण करायची. महिन्याअखेरी तक्ता परत आला तो इतका कोरा करकरीत, की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला असावा. खुणा मात्र सगळ्या जागच्या जागी, एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने. नानांनी जूनच्या ३१ तारखेलाही तीन वेळा व्यायाम केला होता.

मी हात टेकले. त्याच संध्याकाळी नानी त्यांना न्यायला आल्या आणि छत्री झटकत सहज म्हणाल्या, "यंदा माटोळी पुतण्या बांधतोय. यांचा हात कुठे पोचतोय?"

आता माटोळी म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरंजन, चिबूड, रानातली कांगलां असं काय काय केवणीच्या सालीने बांधतात. तासन् तास हात डोक्याच्या वर. नानांच्या घरी तो मान चाळीस वर्षं त्यांचा, आणि पुतण्या म्हणे गाठी मारायचा त्या बुटाच्या नाडीसारख्या!

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये आले ते वेगळेच नाना. करंट नको म्हणाले. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून घेतली आणि दात-ओठ खात बोटं तिथवर नेली. घरी देवघराशेजारच्या भिंतीवरही रेघा उमटल्या. नानींनी त्याची तक्रार माझ्याकडेच केली. ऐंशीचे शंभर झाले, श्रावणात सव्वाशे. माझी तीन आठवड्यांची व्याख्यानं वाया गेली होती, आणि नानींनी ना काही शिकून, ना फी घेऊन, छत्री झटकता झटकता काम केलं होतं.

चवथीला मी त्यांच्याकडे गेले. माटोळी भरगच्च. नारळाची पेंड स्वतः नानांनी बांधलेली, पुतण्या खाली स्टूल धरून उभा. मला पाहताच नानांनी उजवा हात सरळ वर केला आणि भरल्या घरात जाहीर केलं, "बघा! मेव्हण्याने सावर्ड्याहून तेल पाठवलं, तीन बाटल्यांत खांदा मोकळा!"

नेवरी माझ्या घशात अडकली. निघताना उरलेली चौथी बाटली त्यांनी माझ्या पिशवीत घातली. "ठेव गो. तुझ्याही पेशंटांना गुण येईल."

सोमवारी क्लिनिक उघडते तर दारात नानांच्या शेजारीण, डावा खांदा धरून. आत न येताच विचारलं, "ते तेल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की," मी बाटली टेबलावर ठेवली. "पण जरा हट्टी आहे. लावल्यावर भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, वीस वेळा, दिवसातून तीनदा. नाहीतर मुरतच नाही."

"नाना हे बोलले नाहीत!"

"ते मुरलेलं तेल आहे हो," म्हणत मी पेन्सिल शोधायला लागले.