खोक्यावरच्या चांदण्या

डोकं फिरलंय. चार दिवसांपासून फिरलेलंच आहे, आज लिहून मोकळा होतो.

आईसाठी टॅब घेतला. ती सांगलीला एकटी असते, वय ७१, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फोनवर ई-पेपर वाचताना नाक पडद्याला टेकतं. तिच्या मागण्या इनमीन चार. पेपर वाचायचा, रात्री कीर्तन नाहीतर मालिका बघायची, नातीशी व्हिडिओ कॉल करायचा आणि लाइट बिल भरायचं. बस्स. महिन्यापूर्वीच बाजारात आलेला नवाकोरा टॅब, १५,९९९ रुपये. जाहिरातीत तर आजीच आहे! पांढरे केस, सुती साडी, हातात टॅब, शेजारी नातू खिदळतोय. मला वाटलं, हा आपल्यासाठीच बनवलाय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी या किमतीतल्या बऱ्याच टॅबांची कुंडली तीच.

खोक्यावर ठळक अक्षरात ‘८ जीबी रॅम’ आणि त्याच्या डोक्यावर एक छोटीशी चांदणी. त्या चांदणीचा अर्थ खोक्याच्या बुडाशी, तिळाएवढ्या अक्षरांत. रॅम म्हणजे टॅबला काम करताना लागणारी चपळ जागा, स्टोरेज म्हणजे सामान ठेवायची कोठी. खरी रॅम ४, उरलेली ४ स्टोरेजमधून उसनी. म्हणजे डब्यातली साखर वाटीत ओतायची आणि पाहुण्यांना सांगायचं, बघा, आमच्याकडची साखर दुप्पट झाली! बरं, ते स्टोरेज तरी चपळ असावं, तर तेही ईएमएमसी नावाच्या संथ प्रकारचं, म्हणजे आजच्या हिशोबाने बैलगाडी. ‘६४ जीबी स्टोरेज’वरही चांदणी. पहिल्यांदा चालू केला तेव्हाच त्यातले २१ जीबी भरलेले. कशाने? सिस्टिमने, आणि न मागता घातलेल्या ॲपांनी. रमी, झटपट कर्ज, कसलंसं शॉपिंग. त्यातली निम्मी काढताच येत नाहीत, फक्त ‘बंद’ करता येतात. माझ्या आईला रमी खेळायची नाहीये हो. कर्जही नकोय.

आता लाइट बिल. हे नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, “यूपीआय चालेल ना?” पोरगा म्हणाला, “सर, अँड्रॉइड आहे, सगळं चालतं.” घरी आलो, ॲप टाकलं, मराठी भाषा निवडली, आई चष्मा पुसून शेजारी बसली. ॲपने विचारलं, सिम निवडा. कुठलं सिम? हा वाय-फायवाला टॅब, याला सिमची खाचच नाही! यूपीआय सुरू करताना ॲप त्याच यंत्रातल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवतं आणि नंबर त्या यंत्राशी बांधतं. नियम सुरक्षेचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाहिरातीतली आजी टॅबवर बोट ठेवून बिल भरते आणि हसते, ते कसं काय बुवा? तिच्या टॅबला काय देवाने सिम दिलं? सिमवाला टॅब घ्यायचा तर तीन हजार जास्त. आणि त्यातही फक्त डेटा चालतो की एसएमएससुद्धा जातो, हे खोक्यावर लिहिलेलं नाही. तिथे चांदणीसुद्धा नाही. अर्धा तास खटपट बघून आई म्हणाली, “राहू दे रे, मी आपली ऑफिसात जाऊन भरते.” म्हणजे सोळा हजार घालवून आम्ही परत महावितरणच्या रांगेत.

व्हिडिओ कॉल लागतो. लागतो म्हणजे काय, चेहरा दिसतो. पण टॅब आडवा धरावा तर पुढचा कॅमेरा बरोबर डाव्या अंगठ्याखाली येतो, कारण तो बसवलाय आखूड बाजूच्या मधोमध. अंगठा सरकवला तर आई पडद्यावरच्या नातीकडे बघते आणि नातीला दिसतं की आजी खिडकीबाहेर बघतेय. “आजी, तू कुठे बघतेयस? इकडे बघ ना.” आई मान वळवते, तर अजूनच भलतीकडे. दहा मिनिटं दोघींचा आंधळी कोशिंबिरीचा खेळ. मग टॅब उभा धरला, तर तो पाऊण फूट उंच थाळा एका हातात पेलवत नाही. स्टँड? वेगळा घ्या. कव्हर? वेगळं. पेन? तेही वेगळं. अहो, आडव्या धरायच्या वस्तूचा कॅमेरा लांब बाजूला हवा, हे कळायला काय पीएचडी लागते? ॲपलनेही आयपॅडमध्ये ते २०२२ साली केलं, म्हणजे पहिल्या आयपॅडनंतर बारा वर्षांनी, त्यामुळे शहाणपणाचा दुष्काळ सगळीकडेच आहे म्हणा.

कीर्तन यूट्यूबवर बरं दिसतं, खोटं कशाला बोला. मालिकेचं पैसे भरून घेतलेलं ॲप उघडलं आणि चित्र असं, जसं तूप लावलेल्या काचेतून बघतोय. पडदा फुल एचडी, नेट चांगलं, मग घोडं कुठे पेंड खातंय? शोधलं तर कळलं, या ॲपांना चोरी रोखण्यासाठी यंत्रात वाइडवाइन नावाच्या कुलपाची सगळ्यात वरची, एल-वन पातळी लागते. या टॅबात सगळ्यात खालची, एल-थ्री. म्हणजे एचडी मिळणारच नाही, ४८०च्या धूसर चित्रावर गप्प बसा. ‘फुल एचडी डिस्प्ले’ हे काही खोटं नाही, डिस्प्ले आहेच. त्यावर फुल एचडी बघायला मिळेल असं कोण म्हणालं?

पेपराचीही तीच रड. अक्षर मोठं करायला सेटिंगमध्ये गेलो, सगळ्यात मोठं केलं, तर बटणांवरचे मराठी शब्द निम्मे कापले गेले. ‘रद्द करा’चं नुसतं ‘रद्द’ उरलं. आणि ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो, त्याला या सेटिंगचा काही फरक पडत नाही. तो चिमटीनेच मोठा करावा लागतो, आणि चिमूट केली की पान आधी धूसर, मग दोन-तीन सेकंदांनी स्वच्छ, मग सरकवलं की परत धूसर. आई तेवढ्या वेळात चष्मा पुसते. तिला वाटतं दोष तिच्याच डोळ्यांचा आहे. हे बघून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. ‘१८ वॅट फास्ट चार्जिंग’, वर चांदणी. खोक्यातला चार्जर १० वॅटचा. साडेतीन तास लागतात.

२०११ साली सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट आला होता, आठवतोय? ५ ऑक्टोबरला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचं उद्‌घाटन केलं होतं. सात इंची, २५६ एमबी रॅम, पडदा असा की बोटाने नुसतं टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं. आपण सगळे खो-खो हसलो होतो, मीही हसलो होतो. पण सरकारला तो साधारण सव्वादोन हजाराला पडत होता, आणि त्याला दोन मोठे यूएसबी पोर्ट होते, हेडफोनची खाच होती. आज सोळा हजारांत एक टाइप-सी. त्यात चार्जर लावला की हेडफोन नाही, हेडफोन लावला की चार्जर नाही, आणि आईचा आवडता वायरवाला हेडफोन तर लागतच नाही. जोडणी वेगळी मिळते म्हणे. मिळतेच! इथे सगळंच वेगळं मिळतं, टॅब सोडून.

काल तो खोक्यासकट दुकानात नेला. “सर, सील फुटलंय, रिटर्न होत नाही. टॅबात दोष असता तर बघितलं असतं.” दोष नाहीच ना, बनवलाच असा आहे! मग पोरगा खालच्या आवाजात म्हणाला, “एक्स्चेंजमध्ये लावू का? नऊ हजार देतो. वर दहा घाला, सिमवाला न्या.”

चार दिवस. सात हजार. आणि समोरच्या पोस्टरवर ती आजी अजून हसतेय.