तीन टर्मिनलांचा वैताग आणि अणुबाँबची गोष्ट

ऑक्टोबर संपत आला की एक मेसेज हमखास फिरून येतो. आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर यंदा तो दोनदा आला. मजकूर थोडक्यात असा : "तुम्हाला माहीत आहे का? रशियाने अणुबाँब टाकला तरी संदेश पोचत राहावेत म्हणून अमेरिकन लष्कराने इंटरनेट बनवलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला त्याचा जन्म झाला. पुढे व्हिंट सर्फ या एकट्या माणसाने टीसीपी/आयपी शोधलं, अमेरिकेने ते जगावर लादलं, आणि आज तुमचा प्रत्येक मेसेज ओएसआयच्या सात लेयरमधून जातो. शाळेत हे शिकवत नाहीत. पुढे पाठवा!"

मी बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना नेटवर्किंग शिकवलं आहे. त्यामुळे 'शिकवत नाहीत' हे जरा लागलं. (टीसीपी/आयपी म्हणजे कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल; ओएसआय हा तशाच नियमांचा सात थरांचा, म्हणजे सात लेयरचा, दुसरा आराखडा.) सात लेयर तर आम्ही नको इतके शिकवतो, पण त्याकडे नंतर येऊ.

"अणुबाँब टाकला तरी…"

हा दावा अगदीच हवेतून आलेला नाही. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेतला पॉल बॅरन हा इंजिनिअर १९६० पासून नेमक्या याच प्रश्नाला भिडला होता : टेलिफोनची मोठी एक्स्चेंज उडाली तर हुकूम पोचणार कसे? त्याचं उत्तर असं की मध्यवर्ती ठाणं ठेवूच नका. प्रत्येक ठाणं तीन-चार शेजाऱ्यांना जोडा, संदेशाचे तुकडे करा आणि जी वाट शाबूत असेल तिने ते पुढे ढकला. १९६४ साली हे सगळं अनेक खंडांत छापून आलं. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला ते पटलं नाही, आणि बॅरनचं जाळं कागदावरच राहिलं.

बांधलं गेलं ते अर्पानेट, आणि त्याचं कारण बरंच घरगुती होतं. अर्पा ही संरक्षण खात्याची संशोधनाला पैसे देणारी शाखा. तिच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख १९६६ साली बॉब टेलर झाला. त्याच्या दिमतीला तीन टर्मिनलं, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेली टाइप करायची यंत्रं, होती : एक सँटा मोनिकातल्या मशीनचं, दुसरं बर्कलीचं, तिसरं एमआयटीचं. तिन्हींची लॉगिनची रीत वेगळी, कमांड वेगळ्या. बर्कलीवाल्याशी चाललेलं बोलणं एमआयटीवाल्याला कळवायचं तर उठून दुसऱ्या टर्मिनलवर जाऊन बसायचं. वर प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी वेगळं महागडं मशीन मागत होतं. असलेली मशीन एकमेकांना वापरता आली तर हा खर्च वाचेल, ही मांडणी घेऊन टेलर आपले संचालक चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडे गेला आणि, त्याच्याच सांगण्यानुसार, वीसेक मिनिटांत दहा लाख डॉलर मंजूर करून बाहेर आला. त्या बोलण्यात अणुबाँब नव्हता.

पण पैसा लष्कराचाच ना? होय. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात अर्पाचे संचालक असलेल्या स्टीफन लुकासिक यांनी पुढे लिहिलं की, मंजुरी देताना आपल्या डोळ्यांसमोर सैन्याची हुकूम-यंत्रणा होती. मी ते नाकारत नाही. देणाऱ्याच्या मनात एक आणि बांधणाऱ्याच्या मनात दुसरंच, हा प्रकार अनुदानावर संशोधन केलेल्या कुणालाही नवा नाही. प्रश्न एवढाच की बांधलेली वस्तू बाँबला पुरून उरण्यासाठी बेतलेली होती का?

डिसेंबर १९६९ चा नकाशा बघा. एकूण चार ठाणी : लॉस एंजेलिसचं यूसीएलए, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सँटा बार्बरा आणि युटा. पहिली तिन्ही एकमेकांना जोडलेली; युटा मात्र एकाच भाड्याच्या तारेवर लटकलेलं. बॉंब कशाला, एखाद्या कंत्राटदाराचं फावडं पुरलं असतं.

त्याहून बोलका दाखला २७ ऑक्टोबर १९८० चा आहे. त्या दिवशी अख्खं अर्पानेट काही तास ठप्प झालं, आणि कारण होतं एका यंत्राच्या मेमरीत गळालेले दोन बिट, म्हणजे ० किंवा १ एवढीच नोंद असलेले दोन कण. प्रत्येक ठाणं आपल्या तारांची खबर इतरांना पाठवायचं, आणि कोणती खबर ताजी हे कळावं म्हणून तिच्यावर ० ते ६३ मधला अनुक्रमांक असायचा. ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळाच्या काट्यासारखं. बिट गळाल्याने एकाच खबरीच्या तीन प्रती तयार झाल्या : ४४, ४० आणि ८. अर्ध्या फेरीपर्यंत जो पुढे तो नवा, या हिशेबाने आता ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा, आणि गोल फिरून ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक ठाणं प्रत्येक प्रतीला 'ताजी' समजून पुढे पाठवत राहिलं, आणि दुसऱ्या कामाला कुणाला सवडच उरली नाही. वर्गात मी हे फळ्यावर गोल काढून दाखवत असे. मागच्या बाकावरचेसुद्धा जागे होत. जे जाळं दोन बिटांनी झोपतं, ते अणुयुद्धासाठी बांधलं होतं असं म्हणायला धाडस लागतं.

संदेशाचे तुकडे करण्याची कल्पना आणखी एकाला स्वतंत्रपणे सुचली होती, हे तर मेसेजवाल्याच्या गावीही नाही. लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ साली ती मांडली. त्यांची अडचण बाँबची नव्हती. टर्मिनलवर बसलेला माणूस क्षणभर टाइप करतो आणि मग विचार करत बसतो. तेवढा वेळ टेलिफोनची आख्खी लाइन अडवून ठेवणं त्यांना खटकत होतं. बॅरनचं काम त्यांना कळलं ते १९६६ मध्ये, स्वतःच्या व्याख्यानानंतर, श्रोत्यांमधल्या ब्रिटिश संरक्षण खात्याच्या माणसाकडून. संदेशाच्या अशा तुकड्यासाठी 'पॅकेट' हा शब्द डेव्हिस यांचा. इतर भाषांतही सहज रुळावा म्हणून त्यांनी तो भाषेच्या जाणकाराला विचारून निवडला. मराठीत तर काही करावंच लागलं नसतं, आपल्याकडे पाकीट होतंच. वर पत्ता, आत मजकूर.

"२९ ऑक्टोबर १९६९ ला जन्म"

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास यूसीएलएमधून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या मशीनवर 'लॉगिन' टाइप करायला घेतलं आणि दोन अक्षरांनंतर पलीकडचं मशीन कोसळलं. किस्सा खरा आहे. पण तो अर्पानेटचा, म्हणजे एका जाळ्याचा. इंटरनेट म्हणजे वेगवेगळ्या घडणीच्या जाळ्यांना जोडणारी व्यवस्था. तिची वाढदिवसाची तारीख हवीच असेल तर मी २२ नोव्हेंबर १९७७ सुचवेन. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हायवेवर धावणाऱ्या एका व्हॅनमधून पॅकेट निघाली ती रेडिओवरून अर्पानेटवर, तिथून उपग्रहामार्गे युरोपात आणि परत लॉस एंजेलिसजवळच्या मशीनवर. कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात बोलायला सुमारे दीड लाख किलोमीटरचा वळसा! तीन जाळी, तिन्हींचे स्वभाव वेगळे, आणि तरी पॅकेटं पोचली.

(इंटरनेट आणि वेब यांतला गोंधळ या मेसेजमध्ये नाही, याबद्दल लेखकाचे आभार.)

"सर्फ या एकट्या माणसाने"

१९७४ च्या मे महिन्यात जो शोधनिबंध आला त्यावर दोन नावं आहेत : व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान. जाळ्यांमधली ही जोडणी हा मुळात कान यांचा प्रश्न. निबंधाच्या शेवटी ज्यांचे आभार मानले आहेत त्यांत डेव्हिस आहेत आणि लुई पुझँही आहेत. हे पुझँ फ्रान्समध्ये सिक्लाद नावाचं जाळं उभारत होते. पॅकेटं क्रमाने आणि बिनचूक पोचवण्याची जबाबदारी त्यांनी जाळ्यावरून काढून दोन टोकांच्या कॉम्प्युटरांवर टाकली. मधल्या जाळ्याने फक्त पाकीट पुढे सरकवायचं. हरवलं तर टोकाचा बघून घेईल. टीसीपी/आयपीचा कणा तोच आहे. सिक्लादचे जेरार ल लान स्टॅनफर्डला सर्फ यांच्या गटात जाऊनही राहिले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा निघाला, आरएफसी ६७५. त्यावर तीन नावं : सर्फ, योगेन दलाल, कार्ल सनशाइन. यातले दलाल १९७२ साली पवईच्या आयआयटीतून बी.टेक. होऊन स्टॅनफर्डला गेलेले. (आता कृपा करून 'इंटरनेट एका भारतीयाने शोधलं' असा नवा मेसेज काढू नका. ते ज्या गटात होते त्या गटाचं हे काम आहे.) तेव्हाचं टीसीपी हा एकच मोठा गठ्ठा होता. तुटक आवाज चालेल पण उशीर नको, अशी मागणी आली तेव्हा कळलं की प्रत्येक पॅकेट पोचलंच पाहिजे हा हट्ट सगळ्यांना सोसत नाही. म्हणून १९७८ मध्ये गठ्ठ्याची फोड झाली : पाकीट पुढे सरकवणारं आयपी वेगळं, ते पोचल्याची खात्री करणारं टीसीपी वेगळं. तुमच्या व्हिडिओ कॉलमध्ये चित्र अडखळतं पण बोलणं पुढे जातं, त्याचं मूळ त्या फोडीत आहे.

आणि हे आरएफसी म्हणजे तरी काय? 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे वाचा आणि चुका दाखवा. पहिलं टिपण ७ एप्रिल १९६९ चं, यूसीएलएचा विद्यार्थी स्टीव्ह क्रॉकर याने लिहिलेलं. घरातल्यांची झोपमोड नको म्हणून रात्री बाथरूममध्ये बसून. ही पोरं धास्तावलेली होती : कधीतरी कुणी मोठे अधिकारी येतील आणि तुम्हाला हे ठरवायचा अधिकार कुणी दिला म्हणून विचारतील. म्हणून नाव असं नमतं ठेवलं. अधिकारी कुणी आलेच नाहीत, आणि तेच नाव आजही इंटरनेटच्या प्रमाणित नियमांवर छापलं जातं. लष्करी हुकमाची भाषा अशी असते का, ते तुम्हीच ठरवा.

"अमेरिकेने लादलं" आणि "सात लेयर"

हे दोन दावे एकाच मेसेजमध्ये असणं ही खरी गंमत, कारण ते एकमेकांच्या विरोधात जातात.

हुकूम एकदा निघाला होता, हे खरं. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर एनसीपी हा जुना प्रोटोकॉल बंद, फक्त टीसीपी/आयपी, असं संरक्षण खात्याने ठरवलं. लोक टाळाटाळ करत होते म्हणून १९८२ मध्ये एनसीपी एक दिवस मुद्दाम बंद करून दाखवलं, तेव्हा कुठे धावपळ झाली. बदल पार पडल्यावर काहींनी 'मी टीसीपी/आयपीच्या संक्रमणातून वाचलो' असे बिल्ले लावले. पण हा हुकूम अर्पानेटपुरता, म्हणजे काही शे मशीनपुरता.

जगावर लादायचा प्रयत्न झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आंतरराष्ट्रीय मानक संघटना, आयएसओ, १९७७ पासून ओएसआय रचत होती. सात लेयरचा आराखडा १९८४ मध्ये मानक म्हणून छापून आला. टेलिफोन खाती, मोठ्या कंपन्या, युरोपातली सरकारं, सगळे त्याच्या मागे होते. खुद्द अमेरिकन सरकारने ऑगस्ट १९९० पासून सरकारी खरेदीत ओएसआयची अट घातली. म्हणजे अमेरिकेने टीसीपी/आयपी लादलं म्हणायचं, तर त्याच सरकारने प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने काढलेल्या फर्मानाचं काय करायचं?

ओएसआय हरलं ते फर्मानाअभावी नाही. समित्यांच्या बैठका चालू होत्या, आणि तोवर १९८३ मध्ये बर्कलीने आपल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत टीसीपी/आयपी देऊन टाकलं होतं. विद्यापीठांना टेप मिळाली, मशीनवर चढवली, चालू झालं. कागदावर सात लेयर कितीही देखणे असोत, शेजारच्या खोलीतल्या मशीनशी आज बोलायचं तर हाताशी हेच होतं. १९९२ मध्ये आयपीचे पत्ते संपत आल्याची ओरड झाली, तेव्हा इंटरनेटच्या वास्तुरचना मंडळाने पुढचं आयपी ओएसआयच्या प्रोटोकॉलवर बेतावं असं सुचवलं आणि इंजिनिअर खवळले. त्या जुलैच्या सभेत एमआयटीचे डेव्हिड क्लार्क म्हणाले ते वाक्य आजही उद्धृत होतं : राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्ही नाकारतो, आम्ही मानतो ते ढोबळ एकमत आणि चालणारा कोड.

आपल्याकडेही ही लढत झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यात आयआयटी, बंगळूरचं आयआयएससी आणि जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र होतं. त्याच्या कण्यावर सुरुवातीला टीसीपी/आयपी आणि ओएसआय हे दोन्ही संच शेजारी-शेजारी चालत. १९९५ पासून जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट उघडलं, ते अर्थातच टीसीपी/आयपीवर.

म्हणजे तुमचा मेसेज सात लेयरमधून जात नाही. सेशन आणि प्रेझेंटेशन या दोन लेयरसाठी टीसीपी/आयपीत वेगळी खोलीच नाही. ती कामं ॲप स्वतः उरकतं. तरी आम्ही पोरांकडून 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे' घोकून घेत असू, सात शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून सात लेयरची नावं आठवावीत म्हणून. होस्टेलच्या मेसमध्ये पोळी-भाजी खाणाऱ्या, सॉसेज पिझ्झा उभ्या जन्मात न पाहिलेल्या मुलांकडून! वायव्हाला पहिला प्रश्न हाच, मीही विचारलाय.

अर्थात ओएसआय पुरतं मेलं असंही नाही. बिघाड शोधताना आम्ही अजून 'लेयर टूचा घोळ आहे' असंच म्हणतो. बड्या टेलिकॉम कंपन्यांच्या कण्यावर आयएस-आयएस हा ओएसआयच्या घरातला राउटिंगचा, म्हणजे पॅकेटांची वाट ठरवणारा, प्रोटोकॉल आजही धावतो. बँकेची साइट उघडताना ब्राउझर जे प्रमाणपत्र तपासतो त्याचा साचा, एक्स.५०९, त्याच काळात, त्याच मंडळींच्या टेबलावर तयार झालेला आहे. मेसेजमध्ये हे घातलं असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.