हप्ते बारा महिने, मासे मात्र मोजून!

टेक्ससच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टनला आम्ही चौघांनी मिळून सेकंडहँड बोट घेतलीय. हप्ता, धक्क्यावरच्या जागेचं भाडं, विमा, सगळं बारा महिने चालू. आणि जिच्यासाठी घेतली तो रेड स्नॅपर, आपल्या तांबोशीच्या भावकीतला मासा, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या हद्दीतल्या, पाण्यात धरायला मिळतो वर्षातले मोजके दिवस. माणशी दोन, तेही १६ इंचांवरचे. पहिल्या नऊ सागरी मैलांत टेक्ससची हद्द, तिथे वर्षभर चालतं म्हणे. अरे, पण तिथे पाणी किती उथळ! मोठा मासा हवा तर चाळीस-पन्नास मैल आत जावंच लागतं. सत्तर-ऐंशी गॅलन पेट्रोल जाळायचं आणि चौघांत आठ मासे घेऊन परतायचं!

२०१७ साली तर फेडरल सरकारने कहर केला. मोसम जाहीर केला तीन दिवसांचा! १ ते ३ जून, त्यातले गुरुवार-शुक्रवार कामाचे. ओरड झाल्यावर जूनच्या मध्यात त्या उन्हाळ्यासाठी आणखी ३९ दिवस जाहीर केले. पण तोवर आम्ही आमिष घेतो त्या दुकानदाराने माल कमी मागवला होता, हाताखालच्या पोराला घरी बसवलं होतं. त्या पोराचा बुडालेला पगार कोण देणार होतं?

मासा टिकायला हवा, हे मला कुणी शिकवू नये. मी मालवणचा. जून-जुलैची बंदी आमच्याकडे होड्यावाले पाळतात, कारण तारीख आधी ठाऊक असते; जाळी, डिझेल, उधारी सगळं त्या हिशोबाने चालतं. इथे बंदीची तारीखच दर वर्षी हलते. बरं, मासे किती आहेत याचा तरी नीट हिशोब? २०२० मध्ये सरकारी पैशाने झालेल्या मोठ्या मोजणीचा पहिला आकडा आला, तो आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट! मग सरकारी साहेबांनो, इतकी वर्षं आमचे दिवस कशाच्या जोरावर कापत होतात?

गेल्या खेपेला मोसम बंद होता. दुसरंच काही गरवत होतो, तर गरीला स्नॅपरच लागला. दीडशे फुटांवरून वर आला तो डोळे बाहेर आलेले, जठर तोंडातून लोंबतंय. पुन्हा खोल जावा म्हणून वजन लावून खाली सोडला. पाच मिनिटांत बोटीमागे उताणा तरंगत आला. बावीस इंच तरी असेल. पेटीत बर्फ तसाच पडून होता, आणि तो मेलेला मासा उचलला असता तर दंड आम्हालाच!