फ्लायशर कार्टूनांचा स्वस्त संच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्लायशर या जुन्या अमेरिकी कार्टून स्टुडिओच्या कार्टूनांच्या दोन डिस्कच्या स्वस्त डीव्हीडी संचाचे मी जे परीक्षण लिहिले, त्यावरील आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. सुपरमॅनची सतरा आणि पॉपायची तीन रंगीत कार्टून एवढ्या थोड्या पैशांत मिळत असताना वाचकांना तो संच घेऊ नका असे सांगणे हा शौकिनांचा अहंकार आहे, असा आपला मुख्य आक्षेप आहे. त्याच्या जोडीला आपण आणखी तीन गोष्टी मांडल्या आहेत. लहान मुलांना रंग फिके आहेत की गडद याने काही फरक पडत नाही. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा चित्रपट जुना दिसणारच आणि तो तसाच दिसावा. आणि अधिकृत संच अमेरिकेतून मागवण्याचा टपालखर्च व रीजन कोडची (डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालू देणाऱ्या खुणेची) कटकट भारतातल्या प्रेक्षकाने का सोसावी. हे आक्षेप विचार करून लिहिलेले आहेत, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

आधी किमतीविषयी, कारण तिथे आपल्यातला मतभेद वाटतो तेवढा मोठा नाही. हा संच स्वस्त का आहे, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असे आणि मालकाने मुदतीत नूतनीकरण केले तरच तो पुढे चालू राही. १९४१ ते १९४३ या काळात पॅरामाउंटसाठी तयार झालेल्या सुपरमॅनच्या सतराही कार्टूनांचे हक्क पुढे सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या नॅशनल कॉमिक्सकडे गेले, पण त्यांचे नूतनीकरण झाले नाही आणि ती सर्व कार्टून सार्वजनिक मालकीची झाली. पॉपायच्या तिन्ही रंगीत विशेष कार्टूनांचेही तेच झाले. त्यामुळे ती कोणीही छापू शकतो, विकू शकतो आणि हक्कांपोटी कोणाला काही देणे लागत नाही. चित्रपट दुय्यम आहेत म्हणून संच स्वस्त आहे असे मी कधीच म्हटलेले नाही. उलट सुपरमॅनच्या पहिल्याच कार्टूनला ऑस्करचे नामांकन मिळाले होते आणि १९३६ च्या ‘पॉपाय द सेलर मीट्स सिंदबाद द सेलर’ला २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, स्थान मिळाले. हक्क सर्वांचे झाले ही गोष्ट मला मनापासून चांगली वाटते.

मात्र हक्क मोकळे झाले म्हणून मूळ फिल्म मोकळी होत नाही, आणि माझ्या सगळ्या आक्षेपांचे मूळ इथेच आहे. निगेटिव्ह आणि उत्तम ३५ मिलिमीटर प्रिंट जुन्या मालकांच्या तिजोऱ्यांमध्येच राहतात. स्वस्त प्रकाशकाच्या हाती लागते ती बहुधा टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी काढलेली १६ मिलिमीटरची प्रिंट, आणि कित्येकदा तर त्या प्रिंटवरून कधीकाळी भरलेली व्हिडिओ टेप. पॉपायची कार्टून १९५६ मध्ये असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्सने टीव्हीसाठी विकत घेतली, तेव्हा सुरुवातीच्या पॅरामाउंटच्या पाट्या काढून तिथे ‘ए.ए.पी.’ची पाटी चिकटवण्यात आली. एखाद्या संचात ती पाटी दिसली, तर समोरची प्रिंट टीव्हीच्या वाटेने आलेली आहे हे पहिल्या दहा सेकंदांतच कळते. आपण ज्याला माझा नखरा म्हणता ती पाट्यांची तपासणी मी याच कारणासाठी करतो. त्या एका खुणेवरून पुढे काय पाहायला मिळणार याचा बराचसा अंदाज येतो.

आता ‘जुना चित्रपट जुना दिसावा’ या आपल्या म्हणण्याकडे वळतो. त्यामागची भावना मला समजते आणि तिच्या एका भागाशी मी सहमतही आहे, पण ती या संचाला लागू पडत नाही. परीक्षणात ज्या गुलाबी-तांबूस छटेबद्दल मी लिहिले होते, ती या कार्टूनांचे वय दाखवत नाही. एका विशिष्ट जातीच्या रंगीत प्रिंटमधील निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी उडतो आणि मागे तांबूसपणा उरतो. हा त्या रसायनाचा दोष आहे. १९३६ किंवा १९४१ मध्ये चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाने ती छटा कधीच पाहिली नव्हती. त्याच्यासमोर टेक्निकलरची प्रिंट होती, जिच्यात रंग छपाईसारखे थेट फिल्मवर उमटवलेले असत आणि जी आजही फारशी फिकी पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या काळी टेक्निकलर कार्टूनचे प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकामागून एक असे तीनदा कृष्णधवल फिल्मवर टिपले जाई. कृष्णधवल फिल्ममध्ये उडून जाणारा रंगच नसतो. म्हणून अशी फिल्म जपलेली असेल, तर तिच्या तिन्ही प्रतिमा पुन्हा एकमेकींवर बसवून जवळजवळ मूळचे रंग आजही मिळवता येतात. म्हणजे जुना चित्रपट जसा होता तसा दिसणे शक्य आहे आणि हा संच तसा तो दाखवत नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

लहान मुलांना फरक पडत नाही, या आपल्या मुद्द्याशी माझा सर्वांत जास्त मतभेद आहे. फरक का पडला हे मूल सांगू शकणार नाही, पण तो त्याला जाणवतो. सिंदबादचेच उदाहरण घेऊ. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने या कार्टूनसाठी पार्श्वभूमी नुसती रंगवली नाही, तर खडक आणि गुहा यांचे छोटे त्रिमितीय देखावे फिरत्या टेबलावर उभारले आणि त्यांच्यापुढे पात्रांचे पारदर्शक सेल (चित्रे रंगवलेले पातळ पत्रे) उभे धरून चित्रण केले. पॉपाय आणि त्याचा प्रतिस्पर्धी ब्लूटो चालू लागतात तेव्हा मागचे खडक खरोखर वळतात, जवळचे भरभर सरकतात आणि दूरचे सावकाश. संगणक नसताना साधलेली ही खोली त्या कार्टूनचा प्राण आहे. परीक्षणातल्या संचात काळे भाग इतके गडद आणि उजळ भाग इतके पांढरे झाले आहेत, की खडकाच्या मधल्या छटा पुसून गेल्या आहेत आणि ज्या देखाव्यासाठी कारागिरांनी कष्ट केले तो सपाट पडद्यासारखा दिसतो. मूल त्यावरही हसेल, हे मान्य आहे, कारण पॉपायचे पुटपुटणे आणि मारामारी कोणत्याही प्रिंटमध्ये टिकून राहते. पण थक्क होण्याची जी जागा त्याच्यासाठी मुद्दाम घडवली होती, ती त्याला मिळतच नाही.

सुपरमॅनच्या बाबतीत हे नुकसान आणखी मोठे आहे. ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ किंवा ‘द बुलेटिअर्स’ यांसारख्या कार्टूनांत कथा फार थोडी आहे. त्यांची सगळी ताकद अंधारात, लांब सावल्यांत आणि एका कडेने येणाऱ्या प्रकाशात आहे. फिल्मची प्रत छोट्या आकारात उतरवली आणि तिची पुन्हा प्रत काढली, की पहिला बळी सावलीतल्या तपशिलाचा जातो. यंत्रमानव अंधारातून पुढे येताना त्याची कड दिसली पाहिजे. या संचात तो अंधारातच राहतो आणि एकदम समोर उभा दिसतो. ही गोष्ट मला केवळ तांत्रिक वाटत नाही. दिग्दर्शकाने रचलेला क्षण इथे प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही.

प्रिंटइतकेच नुकसान डिस्क तयार करतानाही होते आणि ते टाळणे प्रकाशकाच्या पूर्ण हातात असते. एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात. सुपरमॅनची सतरा कार्टून मिळून सव्वादोन तासांच्या आसपास भरतात आणि तेवढी तिथे बऱ्यापैकी बसतात. पण त्याच डिस्कवर भरीला आणखी कार्टून कोंबून पाच तासांचा मजकूर केला, की चित्राच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट येतात. डीव्हीडीची क्षमता याच्या चौपटीहून अधिक असते. मग प्रत्येक झटक्याच्या हालचालीला चौकोनी ठिपके उठतात. वेष्टनावर ‘पाच तासांची धमाल’ असे लिहिलेले असते तेव्हा म्हणूनच मला आनंद होत नाही. दुसरी गोष्ट गतीची. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची असते आणि अमेरिकी व्हिडिओ जवळपास ३० चित्रांचा. हा बदल निष्काळजीपणे केला, तर शेजारची दोन चित्रे एकमेकांत मिसळून नवे धूसर चित्र तयार होते. माणसांच्या चित्रपटात ते खपून जाते, पण कार्टूनमधील प्रत्येक चित्र कोणीतरी हाताने काढलेले असते. वेगवान दृश्यावर पॉज करून पाहावे. सुपरमॅनला तीन हात दिसले, तर दोष प्रिंटचा नसून डिस्क करणाऱ्याचा आहे.

महाग ते चांगले असे मी म्हणतो, हा आपला समज मात्र मला दूर करायचा आहे. वॉर्नरने २००७ मध्ये काढलेला पॉपायचा पहिला खंड मूळ पाट्यांसह, जपून केलेल्या कामाचा नमुना आहे आणि त्याची मी मनापासून शिफारस करतो. पण सुपरमॅनच्या कार्टूनांची २०२३ ची वॉर्नरची ब्लू-रे आली, तेव्हा अनेक जाणकारांनी तिच्यावर टीका केली, कारण फिल्मचे कण घालवताना चित्र गुळगुळीत झाले आणि बारीक तपशीलही त्याबरोबर गेला. ओरखडे शोधून पुसणारी यंत्रणा कार्टूनमधील शाईच्या रेघेलाच ओरखडा समजते आणि ती रेघ खाऊन टाकते, हा जुना दोष आहे. ‘जुने जुन्यासारखे दिसावे’ हे आपले म्हणणे इथे अगदी योग्य ठरते. अति घासलेली अधिकृत ब्लू-रे आणि विटलेली स्वस्त डीव्हीडी यांना मी एकाच कसोटीवर तपासतो: मूळ रेघ, मूळ रंग आणि मूळ अंधार यांपैकी किती शिल्लक आहे?

आणि कमी साधनांत चांगले काम होऊ शकते, याचा पुरावाही आहे. मिशिगनचे स्टीव्ह स्टँचफील्ड यांची थंडरबीन ही छोटीशी कंपनी याच सार्वजनिक मालकीच्या कार्टूनांवर काम करते. संग्राहकांकडून एकाच कार्टूनच्या वेगवेगळ्या प्रिंट मिळवणे, त्या ताडून पाहणे आणि उत्तम प्रिंट नव्याने स्कॅन करणे हा त्यांचा शिरस्ता आहे. म्हणजे हक्क मोकळे असण्याचा फायदा दोन प्रकारे घेता येतो: वाचलेला पैसा प्रिंट शोधण्यात घालावा, किंवा वेष्टनावर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असे छापून मोकळे व्हावे. या शब्दांचा अर्थ कोणताही कायदा ठरवून देत नाही. प्रिंट कोठून आली याबद्दल एक ओळही ज्या वेष्टनावर नाही, त्यावरील ते शब्द मी धरत नाही.

रीजन कोडबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. अमेरिकी अधिकृत डीव्हीडी बहुधा रीजन १ ची असते, आपला भाग रीजन ५ मध्ये येतो, आणि स्वस्त संच मात्र बहुतेक वेळा कोणत्याही प्लेअरवर चालतात. ज्यांच्याकडे सर्व रीजनचा प्लेअर नाही त्यांच्यासाठी ही खरी अडचण आहे आणि माझ्या परीक्षणात तिचा उल्लेख हवा होता असे आपण म्हणता, तर तो मी मूळ लेखात आजच जोडत आहे.

स्वस्त संच सरसकट टाकाऊ असतात असेही माझे मत नाही. व्हॅन ब्यूरन स्टुडिओची किंवा अब आयवर्क्स यांची १९३० च्या दशकातील कित्येक कार्टून बराच काळ फक्त अशाच संचांत सापडत असत. जिथे दुसरी प्रतच उपलब्ध नाही, तिथे धूसर प्रतीचे मोल मोठे आहे आणि तशा संचांसाठी मी स्वतः आनंदाने पैसे दिले आहेत. या संचातल्या वीस कार्टूनांची स्थिती तशी नाही. ती चांगल्या रूपात उपलब्ध आहेत, आणि या संचाच्या तोडीच्या प्रती तर इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्यामुळे विनामूल्य प्रतीपेक्षा काही जास्त देत असेल तरच या संचाला पैसे द्यावेत, आणि तसे मला त्यात काही आढळले नाही.

आपल्या नातवंडांना ही कार्टून सुट्टीत दाखवायची आहेत, असे आपण शेवटी लिहिले आहे. पॉपायचा २००७ चा खंड मिळवणे शक्य असेल, तर पैसे तिथे घालावेत. सिंदबाद आणि १९३७ चे अलीबाबावरचे कार्टून ही दोन्ही त्यात आहेत. तो मिळाला नाही, तर विनामूल्य प्रतींपैकी जिच्या सुरुवातीला पॅरामाउंटची पर्वतशिखराची पाटी शाबूत आहे ती आधी तपासावी आणि खोली शक्य तेवढी काळोखी करून मुलांना दाखवावी. सुपरमॅनमध्ये ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’पासून सुरुवात करावी. १९४२-४३ मधील युद्धकाळातल्या काही कार्टूनांत, विशेषतः ‘जपोटर्स’मध्ये, जपानी माणसांचे चित्रण अतिशय विद्वेषी आहे, ते मुलांना दाखवण्याआधी आपण एकट्याने पाहून घ्यावे.