‘कॉम्प्युटरला गणित लागत नाही’ : अकरावीच्या तोंडावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत तो पोचलेला असतो. आशय असा : मुलाला कॉम्प्युटरकडे पाठवायचं असेल तर अकरावीला गणित घेऊन त्याचे हाल करू नका. प्रोग्रामर कधी इंटिग्रेशन करत नाही. कॉम्प्युटरला लागणारं गणित वेगळंच असतं आणि ते डिग्रीला पहिल्यापासून शिकवतात. त्यापेक्षा दोन वर्षं कोडिंगचा क्लास लावा. आता तर एआयच कोड लिहितं. आणि शेवटचं वाक्य, आपल्या कोकणातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे गणित झेपत नाही, उगाच टक्के घसरतात.

मी किनाऱ्यालगतच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. हा मेसेज वाचून विषय बदलायला आलेली मुलं दरवर्षी माझ्यासमोर उभी राहतात, म्हणून एकेका मुद्द्याला नीट उत्तर देते.

आधी प्रवेशाचं, कारण ती चूक मागाहून दुरुस्त होत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं तर बहुतेक मुलांना राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पीसीएम गट (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) द्यावा लागतो. त्यातल्या २०० गुणांपैकी १०० गणिताचे असतात, फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून उरलेले १००. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सलाही बहुतेक ठिकाणी बारावीचं गणित मागतात. अकरावीत गणित सोडलेल्या मुलासाठी हे दोन्ही रस्ते जवळपास बंद होतात. मेसेजमध्ये याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विषय सोडायला सांगताना हे दडवणं मला गंभीर वाटतं.

आता इंटिग्रेशन. ॲप बनवणारा प्रोग्रामर रोज इंटिग्रेशनची उदाहरणं सोडवत नाही, हे खरं आहे. पण एका प्रकरणावरून सगळा विषय निकाली काढायचा, हा कुठला न्याय? बाकीची प्रकरणं उघडून पाहू.

नववीच्या ‘वास्तव संख्या’ प्रकरणात आपण शिकतो की अतिसंक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ किंवा ५ असतील तरच त्याचं दशांशरूप खंडित असतं, नाही तर ते आवर्ती होतं. आता पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करा. उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. पहिल्या वर्षाची मुलं हे पाहून चक्रावतात. कॉम्प्युटर हे अपूर्णांक दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, साठवतो. दहाच्या पायात २ आणि ५ दोन्ही चालत होते, कारण दहाचे अवयव तेच. दोनच्या पायात फक्त २ चालतो. एक दशांशच्या छेदात ५ आहे, म्हणून तो तिथे आवर्ती होतो, कुठेतरी तोडावा लागतो आणि तोडला की चूक शिरते. हिशेबाच्या प्रोग्रामात अशा चुका साठत जातात, म्हणून जाणते प्रोग्रामर रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात. नववीचं ते प्रकरण ज्याला समजलंय त्याला हे दोन मिनिटांत कळतं. ज्याने ते फक्त पाठ केलं तो ‘कॉम्प्युटर चुकला’ म्हणतो.

बारावीच्या सध्याच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण मॅथेमॅटिकल लॉजिक, आणि त्याच्या शेवटी स्विचिंग सर्किट्स आहेत. जिन्याचा दिवा घ्या. एक बटण खाली, एक वर, कुठलंही एक दाबलं की दिव्याची स्थिती बदलते. या सर्किटची ट्रुथ टेबल, म्हणजे सगळ्या शक्यतांचा तक्ता, मांडली की दिसतं, दोन बटणांची स्थिती वेगळी असताना दिवा लागतो, सारखी असताना विझतो. हाच नियम दोन बायनरी अंकांच्या बेरजेत येतो. ० आणि १ मिळवले तर बेरजेचा अंक १, दोन्ही सारखे असले तर ०. प्रोसेसरमध्ये बेरीज करणाऱ्या सर्किटचा गाभा हा आहे. जॉर्ज बूलने १८५४ साली तर्काचं बीजगणित सविस्तर मांडलं आणि १९३७ साली क्लॉड शॅननने एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की ते स्विचच्या सर्किटांना जसंच्या तसं लागू पडतं. डिजिटल सर्किटांची सगळी रचना त्यावर उभी राहिली. आपल्या मुलांच्या दप्तरातलं ते प्रकरण बोर्डाला सोपे मार्क देणारं म्हणून ओळखलं जातं, तेवढंच.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण क्रमवारीचं. एक लाख आंब्याच्या पेट्यांच्या नोंदी वजनाप्रमाणे लावायच्या आहेत. नवशिका प्रोग्रामर प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहतो. किती तुलना होतील? पहिल्या नोंदीच्या ९९,९९९, दुसरीच्या त्याहून एक कमी, असं करत शेवटी एक. ही दहावीची अंकगणिती श्रेढी. बेरीज होते सुमारे ५०० कोटी. दुसरी रीत अशी : यादीचे दोन भाग करा, त्यांचे पुन्हा दोन, एकेक नोंद उरेपर्यंत, मग क्रमाने लागलेले भाग जोडत या. लाखाला किती वेळा निम्मं करता येतं? सुमारे १७ वेळा, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ आहे. हा लॉगॅरिदम. दर फेरीत जास्तीत जास्त लाखभर तुलना, म्हणजे एकूण सुमारे १७ लाख. सेकंदाला एक कोटी तुलना होतात असं धरलं तर पहिल्या रीतीला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, दुसरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत संपते. दहा नोंदींवर दोन्ही प्रोग्राम सारखेच पळतात. फरक आधी ओळखायचा तर श्रेढीची बेरीज आणि लॉगॅरिदम मनात पक्के असावे लागतात.

आणि दुसरी रीत दर वेळी बरोबरच चालेल हे कशावरून? एक नोंद असेल तर ती लागलेलीच आहे. लहान याद्या नीट लागतात असं धरलं, तर दोन लागलेल्या याद्या जोडून मोठी यादीही नीट लागते. अकरावीच्या इंडक्शनच्या प्रकरणातली मांडणी हीच आहे, फक्त तिथे समीकरणं असतात आणि इथे याद्या. डिग्रीला रिकर्जन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा वापरणारी अशी रीत, शिकताना जी मुलं अडतात, त्यांच्यापैकी अनेकांचं इंडक्शन कच्चं असतं.

साइन-कोसाइन कशाला, असंही विचारतात. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात विचारा. भरती-ओहोटीचं कोष्टक वेगवेगळ्या कालावधींच्या कोसाइन लाटा मिळवून तयार होतं. चंद्राची मुख्य लाट सुमारे १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींना मारक झाल्या की भांग. गुंतागुंतीची हालचाल साध्या लाटांच्या बेरजेत मांडायची ही कल्पना तुमच्या फोनमध्येही आहे. जेपीईजी फोटो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडला जातो, प्रत्येक चौकोन कोसाइन लाटांच्या बेरजेत लिहिला जातो आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळला जातो. ही रीत बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. तिच्यासारख्या युक्तीमुळेच एवढे फोटो कमी जागेत मावतात.

दुसरा मुद्दा, लागणारं गणित वेगळं असतं. यात तथ्य आहे. ग्राफ थिअरी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित, ज्युनिअर कॉलेजात नाही. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसएसारख्या रीतींना लागणारं मूळसंख्यांचं आणि भागाकारात उरणाऱ्या बाकीचं अंकगणितही नाही. पण ‘ते डिग्रीला पहिल्यापासून शिकवतात’ हे वाक्य फसवं आहे. कॉम्प्युटरच्या डिग्रीला लागणाऱ्या या गणिताचं, म्हणजे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचं, जवळपास कुठलंही पाठ्यपुस्तक लॉजिक, सेट्स, रिलेशन्स, फंक्शन्स, इंडक्शन, मोजणी अशाच विषयांपासून सुरू होतं. ही सगळी प्रकरणं आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आहेत. डिग्रीला ती भराभर उजळणीसारखी होतात आणि वर्ग पुढे जातो. शिवाय इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी एम-वन आणि एम-टू हे गणिताचे पेपर समोर येतात, त्यात मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) असतात. तिथे लागलेली केटी मुलं वर्षानुवर्षं ओढत नेतात.

माझी खरी तक्रार याच ठिकाणी आहे, आणि ती मेसेजवाल्यांपेक्षा आपल्या सगळ्यांवर आहे. गेल्या काही वर्षांच्या सीईटीच्या अकरावीच्या यादीत इंडक्शन नाही, सेट्स अँड रिलेशन्स नाही, सीक्वेन्स अँड सिरीज नाही. परीक्षेतला अकरावीचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास, म्हणून क्लासवाले ही प्रकरणं गाळतात आणि त्यांचं पाहून काही कॉलेजंही हात आखडता घेतात. कॉम्प्युटर सायन्सला पायाभूत असलेली नेमकी हीच प्रकरणं मुलं न शिकता पुढे जातात. वर सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तिथे ‘असं का?’ विचारायला वेळच नसतो, पर्याय टाकून बघायचे आणि गोल काळा करण्याऐवजी क्लिक करायचं. अशा दोन वर्षांनंतर एखादा मुलगा म्हणाला की बारावीच्या गणिताचा मला डिग्रीला काही उपयोग झाला नाही, तर तो खोटं बोलत नसतो. त्याला गणिताच्या नावाखाली युक्त्यांचा संच मिळालेला असतो. यावर उपाय गणित पूर्ण शिकवण्याचा आहे. मेसेज मात्र ते सोडूनच द्यायला सांगतो.

कोडिंगच्या क्लासबद्दल थोडकंच. मुलाला आवड असेल तर जरूर शिकू दे, सुट्टीत, घरच्या फोनवर-लॅपटॉपवर, मला आनंदच आहे. माझा विरोध ‘त्याऐवजी’ला आहे. भाषेचे नियम काही महिन्यांत येतात आणि नोकरीत भाषा बदलतही राहते. वर सांगितलेला ५०० कोटी आणि १७ लाखांचा फरक कुठल्याही भाषेत तोच राहतो.

एआय कोड लिहितं, तेव्हा गणित कशाला? एआय म्हणजेच मुळात मॅट्रिक्सचे गुणाकार. शब्दांचे व्हेक्टर, म्हणजे आकड्यांच्या रांगा, करायचे, मॅट्रिक्सने गुणायचे, उत्तर किती चुकलं ते मोजायचं आणि चूक कमी होईल त्या दिशेने आकडे थोडे थोडे हलवायचे. ती दिशा डेरिव्हेटिव्ह सांगतो. थरावर थर असलेल्या नेटवर्कमध्ये तो चेन रूलने, म्हणजे एकेका थराचे बदलाचे दर गुणत, मागे मागे नेतात. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ सालच्या निबंधाने ही रीत सर्वत्र पोचली. चेन रूल बारावीच्या दुसऱ्या भागातल्या पहिल्याच प्रकरणात आहे. आणि एआयने लिहून दिलेला प्रोग्राम दहा नोंदींवर बरोबर चालला तरी लाखावर बरोबर चालेल का, हे तपासणारा माणूस लागणारच. तो माणूस आमच्या मुलांपैकी का नसावा?

राहिला शेवटचा मुद्दा, ‘आपल्या मुलांना झेपत नाही’. हे वाक्य वाचून मला राग येतो. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. पास होण्याचं प्रमाण म्हणजे गणिताची समज नव्हे, हे मला मान्य आहे. पण मेहनतीत आणि चिकाटीत ही मुलं कमी नाहीत, एवढं तरी त्यातून दिसतं. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. एका असामान्य माणसावरून सगळ्यांचं सिद्ध होत नाही, तरी इथल्या मातीत गणित रुजत नाही असं म्हणणाऱ्याने हे नाव आठवावं.

अडचण खरी आहे, पण ती वेगळी आहे. दहावीपर्यंत ‘संच’, ‘बहुपदी’, ‘श्रेढी’ शिकलेल्या मुलाला अकरावीत पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीतून ऐकावं लागतं. जूनमध्ये ते गप्प बसतं, ऑगस्टच्या चाचणीत मार्क पडतात आणि घरी ठरतं की गणित झेपत नाही. त्यातच एसटी चुकली की सकाळचा तास गेला, धो धो पावसात दरड पडली की दोन दिवस गेले, आणि गणितात एक दिवस सुटला की पुढचा दिवस कळत नाही. मुलाची बुद्धी यात कुठेच कमी पडलेली नसते. पहिले सहा आठवडे प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिली, तर गणेशोत्सवापर्यंत बहुतेक मुलं बोलायला लागतात, हे मी पाहिलं आहे. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, मे महिन्यात नववी-दहावीची प्रकरणं मराठीतून पुन्हा वाचून घेतली तरी फार सोपं जातं.

ज्या मुलाला खरोखरच गणिताची नावड आहे, त्याच्यावर ते लादावं असं माझं म्हणणं नाही. मात्र त्याने कॉम्प्युटरची डिग्री का निवडली, हे आधी त्याच्याशी बसून बोला.

आणि प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फीच्या आधी एक प्रश्न विचारा : अकरावीच्या दुसऱ्या भागातलं इंडक्शन आणि सेट्स अँड रिलेशन्स तुम्ही वर्गात शिकवता का? ‘सीईटीला नाही, म्हणून घेत नाही’ असं उत्तर मिळालं तर ते शिकवण्याची मागणी लेखी द्या, जमलं तर चार पालकांच्या सह्या घेऊन. माझ्या वर्गाबद्दलही हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.