मोसंबीच्या सालीने बीपीची गोळी सुटत नाही

सध्या अंबड-घनसावंगीकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मोसंबीच्या सालीतलं बायोफ्लेवोनॉइड हे व्हिटॅमिन पी आहे. नसा साफ करतं. रोज सालीचा काढा प्या नाहीतर कॅप्सूल घ्या आणि बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. फळातलंच आहे, साइड इफेक्ट नाही."

माझं मेडिकल आहे. परवा एक काका आले, खिशातून बीपीच्या ॲम्लोडिपिन गोळीची स्ट्रिप काढली. अकरा गोळ्या तशाच. "औंदा बागेत साली लै निघाल्या, काढा चालू केलाय," म्हणाले. बीपी मोजलं तर १७८/१०४. म्हणून हे लिहितोय.

व्हिटॅमिन पी हे नाव १९३६ साली निघालं, पण हे न मिळाल्याने कुठला आजार होतो हे दिसलंच नाही. त्यामुळे ते व्हिटॅमिनच्या यादीतून कधीच गेलं.

"नसा साफ करतं" यात मात्र खऱ्याचा एक धागा आहे, आणि लोक तिथेच फसतात. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन या दोन बायोफ्लेवोनॉइडची (लिंबूवर्गी फळांतल्या घटकांची) गोळी डॉक्टर लिहून देतात, मी रोज विकतो. पण ती मूळव्याधीसाठी आणि पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४५० डायोस्मिन असतं. मूळव्याध उठली की पहिले चार दिवस रोज सहा गोळ्या, पुढचे तीन दिवस चार, असा कोर्स असतो. रक्त पडणं, खाज कमी होते. पायाचं जडपण, सूज यातही बऱ्याच जणांना आराम पडतो. काम शिरांवर. हृदयाच्या धमनीत साठलेली चरबी याने निघते, असं सिद्ध झालेलं नाही. बीपीवरचे अभ्यास छोटे आहेत. काहींत वरचा आकडा थोडा उतरला, काहींत फरकच नाही. त्यावर रोजची गोळी सोडायची? स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या माणसाने रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

आणि शौचातून रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असंही धरू नका. पन्नाशीनंतर तर आधी तपासणी, मग गोळी.

आता काढा. सालीत हेस्पेरिडिन भरपूर आहे, पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. गोळीतलं डायोस्मिन बहुधा हेस्पेरिडिनवर कारखान्यात प्रक्रिया करून बनवतात आणि अंगी लागावं म्हणून अगदी बारीक दळतात. पातेल्यात साली उकळून ती गोळी तयार होत नाही. शिवाय बागेत किती फवारण्या झाल्या हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? ते सगळं सालीवरच बसतं.

या गोळी-कॅप्सूलचे साइड इफेक्ट आहेत: जुलाब, मळमळ, डोकेदुखी, चक्कर. बहुतेक वेळा सौम्य. पण रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल नकोच. लिंबूवर्गी फळं औषधांत ढवळाढवळ करतात: संत्र्याच्या रसासोबत ॲलर्जीची फेक्सोफेनाडिन घेतली तर ती नीट शोषली जात नाही, आणि ग्रेपफ्रूटच्या रसाने कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं. गरोदर बायकांनी आपल्या मनाने काहीच सुरू करू नये.

काकांना तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी पुन्हा चालू झाली. मोसंबी खायला त्यांना कुणी मनाई केलेली नाही. फोडी खा, पांढऱ्या पापुद्र्यासकट खा, एवढंच मी सांगितलं.