“आधी पोट, मग गाणी” – एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली, आणि तिथेच खाली उत्तर टाकायला बसले तर ते एवढं वाढलं की म्हटलं आता वेगळंच टाकूया.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या कॅम्पात, म्यानमारमधून जीव वाचवून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या चिमुरड्यांसाठी ब्रॅक ही बांगलादेशी संस्था जी खेळघरं चालवते (प्ले लॅब म्हणतात त्यांना), त्यावर मी मागे लिहिलं होतं. काकांचं म्हणणं, ही सगळी एनजीओवाल्यांची थेरं आहेत, आधी पोट मग गाणी, पाच वर्षांच्या पोराला कसला आलाय ट्रॉमा, ती विसरून जातात, आणि आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडेत महायुद्धात पोलंडची एवढी पोरं राहून गेली, त्यांना कुठे होते कौन्सेलर, झालीच की मोठी, आणि आधी आपली पोरं बघा. शेवटी “मग आता आम्ही काय बाहुल्या पाठवायच्या का” असा टोमणा पण मारलाय, तिकडे येतेच.

वळिवडेचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण मला तेच हवं होतं. बाकीच्यांना माहीत नसेल तर, दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडमधली लाखो माणसं उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली होती, १९४२ मध्ये त्यातली काही इराणमार्गे बाहेर पडली, आणि १९४३ ते १९४८ त्यातले साधारण पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवडेच्या बराकीत राहिले. (ते गेल्यावर तिथे फाळणीचे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर, कपडे घ्यायला जातो ते.) आता त्या कॅम्पात कौन्सेलर नव्हते हे कबूल. पण काय होतं ते बघा ना. पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, पोलिश शिक्षक होते, चर्च होतं, नाटकं व्हायची, स्काउट होते, सणवार त्यांच्या पद्धतीने व्हायचे, आणि बऱ्याच मुलांची आई सोबत होती. ज्यांचे आईबाप वाटेत गेले त्यांच्यासाठी अनाथाश्रम होता, जामनगरजवळच्या बालाचडीला जामसाहेबांनी (तिथल्या महाराजांनी) ठेवून घेतलेल्या मुलांपैकी बरीच १९४६ ला इथेच आली. म्हणजे सकाळी उठून कुठे जायचं हे ठरलेलं, कोण शिकवणार ते ठरलेलं, गाणी आपल्या भाषेतली, आणि रोज दिसणारी तीच मोठी माणसं. काका, खेळघर म्हणजे हेच हो! नाव इंग्रजी लावलंय म्हणून तुम्हाला ते थेर वाटतंय, तेवढंच.

आणि विसरतात म्हणालात. २०१९ मध्ये त्यातले काही जण म्हातारपणी काठी टेकत परत वळिवडेला आले होते. सत्तर वर्षांनी. विसरणारी माणसं एवढा प्रवास कशाला करतील? तुमचे वडील तिथे दूध घालायला जायचे असं लिहिलंय तुम्ही, त्यांनी त्या शाळेबद्दल काही सांगितलेलं आठवत असेल तर मला प्लीज कळवा, खरंच हवंय.

आता पाच वर्षांच्या पोराला काय कळतं, हा मुद्दा. मी बालवाडीत शिकवते. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे एक मुलगा होता, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की चपला घालून दप्तर पाठीला लावून दारात जाऊन उभा राहायचा. एक शब्द बोलायचा नाही, रडायचा पण नाही. विचारलं तर “काही नाही”. लहान मुलाला झालेलं सगळं गोष्टीसारखं सांगता येत नाही, तीन वर्षांच्या आतलं तर मोठेपणी आठवतही नाही धड, पण म्हणून ते नाहीसं होत नाही, ते झोपेत निघतं, मधेच अंथरूण ओलं व्हायला लागतं, चांगलं बोलणारं पोर परत बोबडं बोलतं, आई संडासला गेली तरी किंचाळतं. आणि खेळात निघतं. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर रोहिंग्या सीमेवरची नाफ नदी ओलांडून, डोंगर तुडवत बांगलादेशात आले, त्यात निम्म्याहून जास्त मुलं, आणि त्या वेळी मुलांच्या हातात कागद-रंग दिले तर जळणारी घरं आणि गोळ्या झाडणारी हेलिकॉप्टरं निघाली. ही चित्रं काढायला कुणी शिकवली नव्हती.

मग करायचं काय? इथे बऱ्याच भल्या माणसांचा घोळ होतो. माझ्या त्याच पोस्टवर एका ताईंनी तुमच्या बरोब्बर उलट लिहिलंय, की मुलांना बसवून सगळं बोलतं करा म्हणजे मन मोकळं होईल. नको, अजिबात नको. घटना घडल्या घडल्या एका बैठकीत सगळं उकरून काढायची पद्धत पूर्वी होती, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय की ती वापरू नका. अंथरूण ओलं करणाऱ्याला शिक्षा करू नका, आईबापाला समजावून सांगा की हे ताणामुळे होतं, हेही त्यातच आहे. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खोदायचं नाही.

खेळघरात ताई असते ती बऱ्याचदा रोहिंग्याच असते, नाहीतर आसपासच्या गावातली, कारण चितगावची बोली त्यांच्या भाषेच्या जवळची आहे. गोल करून बसायचं, त्यांच्याच भाषेतली बडबडगीतं हातवारे करून म्हणायची, रोज त्याच क्रमाने. आता तुम्ही म्हणाल यात काय मोठं. मोठं हे की ज्या पोराचं जग एका रात्रीत उलटं झालं त्याला “आता गाणं, मग खेळ, मग घरी” एवढं आधीच माहीत असणं हीच गोष्ट औषधासारखी लागू पडते. श्वासाचा खेळ असतो, फुलाचा वास घे, मग मेणबत्तीवर फुंकर मार, लांब फुंकर मारली की छातीतली धडधड उतरते, चार वर्षांच्या पोराला याहून वेगळं शांत हो म्हणून कसं सांगणार?

आणि समजा एखादं मूल ठोकळ्यांचं घर रचतंय आणि रोज ते “जाळतंय”. आपल्या हाताला खाज सुटते, अरे असं नको खेळू म्हणावंसं वाटतं. जाणती ताई अडवत नाही, शेजारी बसते, थोड्या वेळाने विचारते, आग विझवायला कोण येणार? आजी कुठे लपली? मूल स्वतः उत्तर काढतं आणि खेळ एक पाऊल पुढे सरकतो. आठवडेच्या आठवडे तो तसूभर सरकला नाही, किंवा मूल बोलायचं-खायचंच बंद झालं, तर मात्र तज्ज्ञाकडे पाठवायचं. सगळ्यांना तज्ज्ञ लागत नाही, बहुतेकांना लागतच नाही.

पोटाचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूची आहे. २००७ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मानसिक आधारावरचीच, त्यात पिरॅमिड काढलाय आणि सगळ्यात तळाला काय आहे तर अन्न, पाणी, निवारा, सुरक्षितता. त्यावर कुटुंब आणि समाज, आणि तज्ज्ञ एकदम टोकाला. पण तळ आधी पूर्ण बांधू मग वरचं बघू असं त्यात नाही, सगळं एकाच वेळी. कारण पोट आणि मन वेगळं काढता येत नाही. २०२३ मध्ये कॅम्पातलं रेशन माणशी महिन्याला १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ वर आणलं, आता त्यात घर चालवणाऱ्या आईचा जीव किती टांगणीला लागला असेल, आणि ती चिडली, खचली की पहिला फटका पोराला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनाचा अभ्यास करणाऱ्या दोघींनी हॅम्पस्टेडला मुलांसाठी घरं चालवली होती, त्यांना दिसलं की बॉम्ब पडत असताना आईजवळ राहिलेली पोरं एक वेळ सावरत होती, पण सुरक्षित म्हणून आईपासून तोडून लांब पाठवलेली जास्त बिघडत होती. म्हणून आईला धरून ठेवणं हेच अर्धं काम.

“आधी आपली पोरं बघा” यावर फार बोलत नाही, १९४३ ला कोल्हापूरने तसं म्हटलं असतं तर तुम्हाला आज वळिवडेचं उदाहरण द्यायला मिळालं नसतं.

एका बाबतीत मात्र तुमचा राग मला पटतो. एक दिवसाचं वर्कशॉप, रंगपेट्या वाटायच्या, रडक्या पोराला मांडीवर घेऊन फोटो, संध्याकाळी गाडीत बसून गायब. पोराने जीव लावायचा आणि माणूस परत दिसायचाच नाही. आधीच ज्याची माणसं हरवलीत त्याला अजून एक हरवलेलं माणूस द्यायचं. याला थेरं म्हणा, मी पण म्हणेन.

तर बाहुल्या. नका पाठवू काका. बाहुल्या, चेंडू, खुळखुळे तिथल्या बाया चिंध्या-बांबूपासून स्वतः बनवतात, आणि त्या बनवताना त्यांचंही मन गुंततं. कमी पडतात त्या रोज येणाऱ्या ताया, आणि त्यांना महिन्याला पगार लागतो. २०२५ च्या मध्याला निधी आटला तेव्हा युनिसेफला कॅम्पातली शिक्षणकेंद्रं थांबवावी लागली, स्थानिक शिक्षकांना घरी पाठवावं लागलं, आणि सगळ्यात जास्त झळ लागली ती बालवाडी ते दुसरीच्या पोरांना. लहान आहेत, त्यांचं काय एवढं, असंच म्हटलं असणार कुणीतरी मीटिंगमध्ये.